आम्हाला मंगळावर मारा

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरखाली पाणी साचतं. कोणी ओतत नाही, कोणी बोलावत नाही, पण सकाळी पलंगावरून पाय खाली टाकावा तर थेट पाण्यात! भाऊ ढोक्याचे किस्से माझ्याकडे असेच साचले आहेत. एकदाचे पुसून टाकावेत म्हटलं तर मित्रमंडळी म्हणतात, "राहू दे ना बे, तेवढाच गारवा!"

तर ऐका. गोष्ट सत्तरच्या दशकातली. सीताबर्डीला मजीदभाईच्या सायकल दुकानाच्या माडीवर एक वाचनालय होतं. ते चालवायच्या सुमनताई मेश्राम. ताईंचा आवाज मऊ आणि नजर कडक. पुस्तक उशिरा आणणारा माणूस जिन्यातच माफी मागायला सुरुवात करायचा. संध्याकाळी तिथं आमचा अड्डा जमायचा. मी विमा कंपनीत होतो, म्हणजे लोकांना मरणाची भीती घालून पोट भरणारा. आणि भाऊ ढोके हा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बाबू, पण उरलेल्या वेळात कादंबरीकार.

त्याच्या कादंबऱ्या म्हणजे काय सांगू! रॉकेटला लिंबू-मिरची बांधलेली. मंगळावर तेरवी, आणि पंगतीला बसलेली भुतं वाढप्याशी भांडताहेत. यमाच्या दारी चित्रगुप्ताच्या जागी यंत्रमानव, आणि तोही लंच टाइमला खिडकी बंद करणारा! दर दहा पानांनी कोणीतरी मरायचं आणि वाचणारा पोट धरून हसायचा. इतवारीतल्या एका छापखान्यात पिवळट कागदावर छापलेली ही पुस्तकं हातोहात फिरायची आणि फिरून फिरून फाटायची.

या पुस्तकांना शत्रू एकच, प्रोफेसर टेंभेकर. ते कॉलेजात मराठी शिकवायचे आणि वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष होते. भाऊच्या पुस्तकांचं कपाट वाचनालयातून हलवायचं, हे त्यांनी मनावरच घेतलं होतं. दरवर्षी वार्षिक सभेत ते तसा ठराव मांडायचे आणि दरवर्षी चहा आल्यामुळे तो पुढच्या वर्षावर जायचा. पण अध्यक्ष चिवट होते. एखाद्या वर्षी चहा उशिरा आला असता तर भाऊचा कारभार आटोपलाच असता, कारण त्याच्या पुस्तकांना दारात उभं करणारं दुसरं वाचनालय अख्ख्या नागपुरात नव्हतं.

*

मुळात ते वेगळं कपाट झालं कसं, तोही किस्साच आहे.

ताईंची कपाटं विषयवार होती. भाऊचं पहिलं पुस्तक त्यांनी शास्त्राच्या कपाटात ठेवलं. दोन दिवसांत एक रिटायर्ड इंजिनियर जिना चढून भांडायला आले. "बाई, यातलं रॉकेट सावनेरच्या कोळशावर चालून राहिलं!" मग ताईंनी ते भुतांच्या कपाटात हलवलं. तिथली गिऱ्हाइकं चिडली, कारण यातलं भूत घाबरवत नव्हतं, रजेचा अर्ज लिहीत होतं. विनोदी कपाटात ठेवलं तर एक बाई रडत परत आल्या. "इतका चांगला माणूस मारून टाकला, याले विनोद म्हणतेत का?"

शेवटी पाकशास्त्राच्या कपाटात जागा होती, तिथं ते सरकवलं. धंतोलीच्या एक काकू ते स्वयंपाकाचं समजून घेऊन गेल्या. ताईंना घोर लागला. आठवड्यानं काकू परत आल्या, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे वं, पण शुक्रावरच्या सरड्याचा रस्सा देलाय, त्यात खसखस किती टाकाची ते नाही लिहिलं. मी अंदाजानंच टाकली!"

"सरडा?" ताई.

"सरडा कुठं भेटते? चिकन टाकलं. आमच्या ह्यायनं दोनदा मागून घेतला."

दुसऱ्या दिवशी ताईंनी भाऊला स्वतंत्र कपाट दिलं.

*

त्या कपाटाविरुद्ध प्रोफेसरांनी एकदा वाचनालयातच व्याख्यान ठोकलं. विषय होता वाङ्मयप्रकारांची शुद्धता. "शास्त्र म्हणजे शास्त्र, भूत म्हणजे भूत, आणि विनोद म्हणजे विनोद! एकाच वाटीत श्रीखंड आणि सुकट कालवणाऱ्याला स्वयंपाकी म्हणत नाहीत!" सर विदर्भात तीस वर्षं राहूनही पुण्याचं बोलायचे. त्यांच्या तोंडून सुकट हा शब्दसुद्धा सोवळं नेसून यायचा.

भाऊ मागच्या बाकावरून उठला. म्हणाला, "सर, एकदा आमच्या पार्सल ऑफिसात या. एकाच डब्यात संत्र्याच्या पेट्या राहतेत, कोणाची हार्मोनियम राहते, कोण्या नवरीचं रुखवत राहते, आणि त्याच्याच बाजूले बर्फात ठेवलेलं कोणाचं तरी प्रेत राहते. गाडी सगळ्याइले घेऊन निघते. आजवर एका संत्र्यानं तक्रार नाही केली बाप्पा!"

हॉल हसून फुटला. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? विमलताई. प्रोफेसरांच्या पत्नी!

विमलताईंचं असं होतं की घरात भाऊची पुस्तकं आणायला बंदी. म्हणून त्या रोज दुपारी वाचनालयात येऊन पंख्याखालच्या बाकावर बसून वाचायच्या. त्यांचं हसणं जिन्यावरून खाली दुकानापर्यंत जायचं. मजीदभाई चाकाच्या आऱ्या आवळता आवळता गिऱ्हाइकाला सांगायचे, "भाभीजी का भूत आ गया लगता है." मला त्या बाईंचा फार आदर वाटायचा. नवऱ्याच्या मताला त्यांनी कधी विरोध केला नाही. फक्त जुमानलं नाही.

*

आता मरणाचं सांगतो.

भाऊला गोष्टी सुचायच्या, पण माणसांची नावं सुचायची नाहीत. म्हणून तो आजूबाजूचीच वापरायचा. एकदा मजीदभाई टायफॉइडनं महिनाभर अंथरुणावर होते. भाऊनं त्यांनाच घेतलं. शनीच्या कड्याला पंक्चर झालेलं, मजीदभाई पंप घेऊन हवा भरायला जातात, हवा उलटी फिरते, आणि ते फुगत फुगत जाऊन फुटतात! पुस्तक बाजारात आलं आणि त्याच आठवड्यात मजीदभाईंचा ताप उतरला.

आपल्याकडे म्हणतातच, कोणी मेल्याचं स्वप्न पडलं की त्याचं आयुष्य वाढतं. मजीदभाईंच्या अम्मीनं पुढचा विचार केला. "सपने में मरने से उमर बढ़ती है, और ये तो छपके आया है!" दुसऱ्या दिवशी अख्ख्या बर्डीत पेढे वाटले.

झालं! लोक पार्सल ऑफिसात रांगा लावायला लागले. "भाऊ, आमच्या बाबाले मारा जी, दमा आहे." "भाऊ, मले मंगळावरच मारा, शनी आधीच मागं लागला आहे." मी दारोदार फिरून विमा विकायचो आणि लोक मला दारातूनच वाटेला लावायचे. एका गृहस्थानं तर स्पष्टच सांगितलं, "तुमच्या विम्यात मेल्यावर भेटते. भाऊच्या पुस्तकात मेलं की मरणच येत नाही. सांगा, कोणतं घेऊ?"

मधेच आमचे पोस्टमन झाडेबाबा गुरूच्या चंद्रावरून घसरून मेले आणि महिन्याभरात खरोखरच गेले. वाईट वाटलं. पण माझ्यातला विमावाला म्हणाला, चला, खूळ संपलं. कुठलं काय! त्यांच्या तेरवीच्या पंगतीतच निकाल लागला. "त्यायनं पुस्तक टपालात आलं तसं उभ्या उभ्या वाचलं होतं जी. घरी नेलंच नाही. मंग कसं लागू पडन?"

काही वर्षांत भाऊनं बर्डी ते महाल सगळी वस्ती मारून टाकली. सुमनताईंना तर दोनदा मारलं. शिल्लक राहिले एकटे प्रोफेसर. कोणीतरी विचारलं, "भाऊ, सरले काहून सोडलं गा?" भाऊ म्हणाला, "मागितल्याशिवाय मी कोणाले मारत नाही."

*

महालातली एक सून एकदा पदर खोचून आली. "भाऊ, आमच्या ह्यायनं तुमाले आईचं नाव देलं न?"

"हो जी. पाचव्या प्रकरणात उल्केखाली येतेत."

"ते खोडा."

भाऊचे डोळे पाणावले. "काहून वं? सासूचं मरण पुस्तकातबी पाहवत नाही का तुले?"

"पाहवत नाही कायचं! घोड्यासारखी टुणटुणीत आहे ती. अजून वाढवता का तिचं?"

भाऊ पेचात पडला. लेकाचा शब्द मोडवत नव्हता आणि सुनेचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी त्यानं मधला मार्ग काढला. उल्का पडली, पण म्हातारी नुसती जखमी झाली. पुस्तक निघालं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः सासूबाई काठी टेकत पार्सल ऑफिसात हजर. "काय गा, मले अर्धवट काहून मारलं? घरात सगळं अर्धवट चालून राहिलं, तुह्या पुस्तकातबी तेच का?"

*

एका नगरसेवकाला निवडणुकीच्या तोंडावर भव्य मरण पाहिजे होतं. माणसं पाठवून त्यानं कळवलं, की परग्रहावरच्या सैन्याशी लढता लढता, छातीवर वार झेलून, आणि निदान दोन पानं. भाऊनं मान डोलावली. पुस्तक आलं. नगरसेवक शुक्रावर उतरतात, भाषणासाठी एक पाऊल पुढं टाकतात आणि रस्त्यातल्या खड्ड्यात पडून दिसेनासे होतात. दोन ओळींत खलास!

साहेब स्वतः आले, लालबुंद होऊन. "शुक्रावर खड्डे कुठून आले?"

भाऊ शांतपणे पावती फाडत म्हणाला, "तुमच्या वार्डातून. पार्सलनं."

साहेब पडले. म्हणजे निवडणुकीत. भाऊचा त्यात काही हात नव्हता, रस्ते सगळ्यांनीच पाहिले होते.

*

मग अमेरिकेचं ते अंतराळस्थानक आलं, स्कायलॅब. आकाशातून ते धूड कोसळणार आणि कुठं ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून देशभर घबराट. आमच्याकडे सगळे भाऊकडे धावले. "भाऊ, कुठं पडते?"

"मले काय माहीत? मी लिहितो ते सगळं खोटं राहते."

"तेच तर! तुम्ही लिहा का इथंच पडते, म्हणजे पडत नाही."

वैतागून भाऊनं वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, "स्कायलॅब प्रोफेसर टेंभेकर यांच्या गच्चीवर पडेल." सर आले, त्यांनी फळा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अंधश्रद्धेचा हा कळस आहे!" म्हणाले आणि तरातरा जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलताई नेहमीच्या बाकावर आल्या. "काल यांनी गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या खाली आणल्या," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, का हो? तर म्हणे, गच्चीला चुना द्यायचाय. भर पावसात!"

*

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता विमलताई यायच्या बंद झाल्या. बाक रिकामा. मजीदभाई एकदोनदा वर बघून सुमनताईंना म्हणाले, "भूत नहीं आया?" ताईंनी नुसती मान हलवली. मग कळलं की पोटात गाठ निघाली आहे, मुंबईला नेऊन ऑपरेशन करायचं ठरलंय, आणि डॉक्टर फार काही बोलत नाहीत. आमच्या अड्ड्यावर त्या दिवशी कोणी कोणाची चेष्टा केली नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी भाऊकडे पार्सल सोडवायला गेलो होतो. संत्र्याच्या पेट्यांमधून वाट काढत, धोतर सावरत प्रोफेसर आत आले. त्यांनी त्या जागेत आयुष्यात पाय ठेवला नव्हता. मी पेट्यांच्या आड झालो. गेलो नाही, हेही सांगून टाकतो.

"ढोके, जरा काम होतं."

"पार्सल आहे का सर?"

"नाही." सरांनी एका पेटीवरचं लेबल वाचलं. "तुमचं नवीन पुस्तक छापून झालं का?"

"शेवटचे फर्मे छापायचे राहिलेत."

"मग त्यात..." त्यांनी उपरण्यानं घाम पुसला. "त्यात आमच्या हिला मारता येईल का?"

मी इतकी वर्षं त्या माणसाला हसत आलो होतो. त्या क्षणी मला त्याची लाज वाटली.

"माझा यावर काडीचा विश्वास नाही," सर घाईनं म्हणाले. "हे तुम्ही लक्षात ठेवा."

"हो जी."

"मी केवळ एक विनंती करतो आहे."

"हो जी. कसं मारू?"

 बाहेर हमाल ओरडत होते. सर अगदी हळू म्हणाले, "तिला त्रास होऊ देऊ नका."

भाऊनं कागद ओढला. सर जायला वळले आणि थांबले. "उल्का वगैरे नको. ती... तिला हसायला आवडतं." आणि पुढं, वाङ्मयप्रकारांच्या शुद्धतेचा तो पहारेकरी म्हणाला, "एखादं भूत घाला हवं तर."

*

भाऊनं त्या दुपारी रजा टाकली आणि इतवारीला जाऊन छपाई थांबवली. नायकाचं एक अख्खं प्रकरण उचलून बाहेर काढलं. छापखान्याचे मालक ओरडायला लागले, तर खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला, "ओरडता काहून? नायक मेला तरी चालते, विमलताई मेल्याच पाहिजे!"

शाईनं ओले असलेले छापील फर्मे घेऊन सर मुंबईला गेले. पुढचं आम्हाला खुद्द विमलताईंनी सांगितलं, कारण त्या परत आल्या! वाळून काडी झाल्या होत्या, पण आल्या आणि त्याच बाकावर बसल्या.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी चष्मा काढून ठेवावा लागला होता, म्हणून सरांनीच ते प्रकरण वाचून दाखवलं. वर्गात शिकवतात त्याच खणखणीत आवाजात, स्वल्पविरामाला थांबत! विमलताई यमाच्या दारच्या खिडकीशी पोचतात. यंत्रमानव म्हणतो, मरणाचं कारण सांगा. त्या म्हणतात, तुझं तोंड पाहून हसू आलं. तो म्हणतो, हे कारण आमच्या यादीत नाही. मग त्या आणखी हसतात, त्यांचं हसू यंत्रमानवाला लागतं, त्याचे स्क्रू ढिले होतात, शेजारच्या खिडकीतलं भूत हसायला लागतं, आणि अख्खं कार्यालय हसता हसता बंद पडतं. त्या दिवशी नवीन कोणालाच आत घेत नाहीत.

"सगळा वॉर्ड ऐकत होता," विमलताई म्हणाल्या. "समोरची म्हातारी, सलाईनवाली, तीसुद्धा. नर्स मला न्यायला आली तर ती म्हातारी म्हणते, थांब गं, मास्तरांचं पान संपू दे!"

"आणि सर?" सुमनताईंनी विचारलं. "सर हसले का?"

"ते कसले हसतात! वाचून झालं आणि म्हणाले, वाक्यरचना सदोष आहे. आणि मग रुमाल शोधायला लागले."

*

त्या वर्षीची वार्षिक सभा भरली तेव्हा जिन्यातसुद्धा माणसं उभी होती. हॉलमध्ये बसलेला जवळजवळ प्रत्येक जण भाऊच्या हातून मेलेला. मजीदभाई फुटलेले, ताई दोनदा गेलेल्या, अर्धवट मेलेली सासू पुढच्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून, आणि तिच्यापासून चार खुर्च्या सोडून सून. दुसऱ्या रांगेत विमलताई. भाऊ आपला मागच्या बाकावर, कपाटाला पाठ टेकून. तो चेष्टा करत नव्हता. ठराव कामकाजात पहिलाच होता, आणि चहाला सुमनताईंनी मुद्दामच उशीर सांगितला होता. "एकदा काय ते होऊन जाऊ द्या," त्या म्हणाल्या होत्या.

प्रोफेसर उभे राहिले. घसा साफ केला.

"कपाट हलवण्याचा ठराव मी मागं घेतो."

टाळ्या सुरू झाल्या. सरांनी हात वर करून त्या थांबवल्या.

"गैरसमज नको! ढोके लिहितात ते वाङ्मय नव्हे. त्यात शास्त्र धड नाही, भूत धड नाही. मराठी वाक्य तर मुळीच धड नाही. हे माझं मत होतं, आहे, आणि मी मरेपर्यंत ते बदलणार नाही!"

 तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून विमलताईंचा आवाज आला. बारीक, पण जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा.

"मग मरताय कधी? भाऊंचं पुस्तक परवा छापायला जातंय!"

अख्खी मेलेली सभा हसली. सर तसेच उभे. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बायकोकडे बघितलं. मग व्यासपीठावरून खाली उतरले, खुर्च्यांच्या मधून चालत थेट मागच्या बाकापर्यंत गेले, आणि भाऊच्या कानाशी वाकून म्हणाले,

"हिच्या शेजारचीच खिडकी मिळेल का?"